काकणाएवढं भोक

चिंचपोकळी
६ मार्च २०११

कालिंदी,

आशीर्वाद लिहायचे की नाही ते पत्र संपताना ठरवीन. फोन केला होता. तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. पुन्हा केला तर कुणी उचललाच नाही. पत्राचं तसं नसतं, रागात फाडायचं म्हटलं तरी आधी अर्धं वाचलं जातं. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे, चौथीतच बाईंनी हात टेकले होते, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

बातमी आधी सांगते, नाहीतर मी भलतीकडे जाईन आणि तीच राहून जाईल. आपल्या गुणीला दिवस गेलेत. सातवा लागला. मे महिन्यात मोकळी होईल. 'आपली' हे चुकून लिहिलेलं नाही. संपाच्या उन्हाळ्यात तिला दवाखान्यातून घरी आणली तेव्हा पहिलं तेल कोणी लावलं? मला तर तिला धरायचीही भीती वाटत होती. तू माझी धाकटी जाऊ, पण सुईणीची पोर. पाय पसरून बसलीस आणि तिला पायांवर अशी उलटी घातलीस की मी डोळेच मिटून घेतले.

मी आजी होणार गो. रस्त्यात ओळख नसलेल्या बायकांनाही थांबवून सांगते. वरळी कोळीवाड्याची राधाबाई अजून आपल्या जिन्यात बोंबील घेऊन बसते, तिला सांगितलं तर तिने वर मूठभर जवळा टाकला. म्हणाली, "पोरीला सांग, आजीचं तोंड बंद ठेवायला दिलाय."

आता अडचण. गुणीचं सासर श्रीमंत आहे हे तुला शिवाकडून कळलं असेलच. तुझा मुलगा गुणीच्या लग्नाला येऊन जेवून गेला, माझ्याशी बोलला नाही, पण जिलबी दोनदा घेतली. तर ते लोक राहतात कुठे, माहीत आहे? आपल्या मिलच्या जागेवर जो टॉवर झालाय, त्यात. जिथे ह्यांचे आणि धोंडू भावोजींचे कापड विणायचे साचे होते, बरोबर तिथे आता पोहायचा तलाव आहे म्हणे. म्हणे, कारण हे तिथे अजून गेलेले नाहीत. लग्न ठरवायचं तेव्हा पण हॉटेलात बसलो. म्हणतात, "ज्या फाटकातून संपात पाऊल टाकलं नाही, त्यातून आता पाहुणा म्हणून जाऊ?"

आणि आमच्या विहीणबाई, अंबिकाबाई, मला काय म्हणाल्या ऐक. "पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, मला मान्य आहे हो. पण मे महिना. तुमची एक खोली, एक पंखा. बाळाला घामोळं उठलं तर? आमच्याकडे सगळ्या घराला एसी आहे." सगळं इतकं गोड बोलल्या की भांडायला जागाच ठेवली नाही. विहीणबाई वाईट असत्या तर बरं झालं असतं.

म्हणजे बघ, पोर तिकडे राहिली तर ह्यांनी नातवंड बघायचं कुठे? फोटोत? आणि मी शेक-शेगडीची पिशवी घेऊन लिफ्टने वरखाली करू?

म्हणून मी ठरवलंय, आपल्याच खोलीत एसी लावायचा. भिंतीवरचा असतो तो, स्प्लिट म्हणतात. त्यासाठी तुझ्याकडे एक बारीकसं काम आहे. आपल्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला एक भोक पाडायचं. काकणाएवढं. तुझ्या हातातल्या काकणाएवढं, माझ्या नाही. त्यातून तांब्याची नळी तुझ्या खोलीत येईल, भिंतीला चिकटून वरच्या वर जाईल आणि तुझ्या रस्त्याकडच्या भिंतीतून बाहेर पडेल. तुम्ही गावाला गेल्यापासून तुझ्या खोलीला तसंही कुलूपच आहे. किल्ली तेवढी पाठव.

हे तुझी आणि भावोजींची फार आठवण काढतात.

आशीर्वाद उत्तर आल्यावर.

मंजुळा


२१ मार्च

कालिंदी,

उत्तर नाही. तुझ्या गावात पोस्टमन अजून आहे ना?

मला वाटतं तुला नीट कळलं नसेल मी काय मागतेय. मशीन म्हटलं की तुला मिलचं मशीन दिसलं असेल. म्हणून समजावून सांगते. मलाही आधी कळत नव्हतं, बाप्टिस्टने सांगितलं. बाप्टिस्ट म्हणजे एसी बसवणारा, माझगावचा, जाडा आहे, आमच्या जिन्याने वर आला की आधी पाणी मागतो. मला आंटी म्हणतो.

विहीणबाईंकडे आहे तो डक्टवाला. खऱ्या छताच्या खाली एक खोटं छत आणि मधे पत्र्याचा नळ घरभर फिरवलेला. एकच मशीन सगळ्या घराला वारा पुरवतं. ऐकायला मोठं वाटतं. पण सासऱ्यांना थंडी वाजली म्हणून त्यांनी कमी केला की गुणी आपल्या खोलीत घामाघूम. स्वयंपाकघरात फोडणी दिली की देवघरात ठसका. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मिलच्या खात्यात पण असेच पत्र्याचे नळ होते छताला. दमट वारा सोडायचे, सूत तुटू नये म्हणून. सुताची काळजी होती, माणसाची नाही. तो नळ एकदा साफ करायला उघडला तेव्हा आत कापसाची गादी झाली होती, आणि त्या गादीत उंदरांनी संसार मांडला होता." आणि नातवंड तसल्या नळाखाली ठेवायचं?

स्प्लिटला नळ नाही, खोटं छत नाही. दोन तुकडे असतात. एक पांढरा, लांबट, आपल्या दाराच्या वर भिंतीला बसतो, खाली जमिनीवर बोटभर जागा अडवत नाही. आपल्या खोलीत जमीन म्हणजे सोनं, तुला सांगायला नको. दुसरा तुकडा घराबाहेर. घुर्रघुर्र करणारा सगळा भाग तोच, तो बाहेर रस्त्याला काय ते ऐकवत बसतो, आत बाळाच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो. मधे फक्त ती तांब्याची नळी. गार करतं ते एकाच खोलीला, जिथे माणूस आहे तिथे. आणि पुढची झाकणी उघडली की एक जाळी निघते, ती मोरीत नळाखाली धुवायची, वाळवायची, परत लावायची. चहाच्या गाळणीसारखं.

मी विचारलं, "खिडकीत बसतो तो स्वस्त असतो ना रे?"

बाप्टिस्ट म्हणाला, "आंटी, खिडकी किती आहेत तुमच्याकडे?"

"एक."

"मग ती गेली. एसी राहील, खिडकी नाही राहणार."

माझी तुळस तिथे आहे, माझं आकाश तिथे आहे. नको म्हटलं. शिवाय दातांच्या डॉक्टरकडे तसला आहे, तो चालू केला की डॉक्टर काय विचारतो ते ऐकूच येत नाही, नुसतं तोंड उघडायचं.

तर बाहेरचा तुकडा ठेवायचा कुठे? गॅलरीत चाळीची कमिटी ठेवू देत नाही, गरम हवा येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर जाते. ते मलाही पटतं, पण सुंदराबाईने गॅलरीत कोंबडी पाळली ती चालते. मागची भिंत दोन चाळींमधल्या घरगल्लीकडची. बाप्टिस्टने बोटाने टोकरली तर माती हातात आली. म्हणाला, "ह्या भिंतीला मी कॅलेंडर पण नाही लटकवणार." राहिली एकच जागा. तुमची खोली कोपऱ्याची, तिची रस्त्याकडची भिंत दगडी. त्याने खालून बघितली आणि हात जोडले. म्हणाला, "ही भिंत हत्तीला पण धरेल. पण नळी त्या खोलीतून जाणार. कोण राहतो तिथे?"

मी म्हटलं, माझी जाऊ.

"मग काय प्रॉब्लेम आहे?"

तूच सांग, काय उत्तर देऊ?

मशीन घ्यायचा विचार आहे फक्त. अजून घेतलेलं नाही.

मंजुळा


४ एप्रिल

कालिंदी,

घेतलेलं आहे. पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच घेतलेलं होतं. ते पत्र मी त्याच्याच खोक्यावर ठेवून लिहिलं. गुणीला शब्द देऊन बसले होते, आणि दुकानात मला तो रिमोट हातात दिला, त्यावर छोटा चंद्र आहे, झोपताना दाबायचा, मग रात्रभर मशीन आपलं आपण थोडं थोडं कमी होतं. मला तो चंद्र इतका आवडला की काय सांगू. मला वाटलं, कालिंदी काय, पत्र मिळालं की किल्ली पाठवेल.

आता महिना झाला, ती दोन खोकी खोलीच्या मधोमध आहेत. मोठ्यावर आम्ही जेवतो. छोट्यावर देव बसलेत, कारण फळीवरचं सामान काढून तिथे मी आतल्या तुकड्याची जागा मोकळी केली. जो येतो तो विचारतो, "कधी लावताय?" मी सांगते, मुहूर्त बघतोय. काल बाप्टिस्ट तिसऱ्यांदा येऊन पाणी पिऊन गेला. जाताना म्हणतो, "आंटी, तुमचं पाणी चांगलं आहे, पण मी पाण्यासाठी येत नाही."

आणि ह्यांना कळलं. मी पत्र टाकायला दिलं होतं खालच्या दुकानदाराकडे, त्याने ह्यांच्यासमोर विचारलं, "गावाला पत्र पोचलं का?" झालं. हे दोन दिवस जेवताना खोक्याकडे पाठ करून बसले. मग म्हणाले, "त्याच्या खोलीतून नळी नेणार? त्याच्या? मी इथे मेलो तरी चालेल उकडून."

मी म्हटलं, मी त्याला विचारलं नाही, मी माझ्या जावेला विचारलंय. तुमच्या भावाशी तुमचं भांडण आहे, ते तुम्ही सांभाळा.

पहिल्या पत्रात लिहिलं ना, हे तुमची आठवण काढतात म्हणून. ते खोटं होतं. म्हणजे, तोंडाने काढत नाहीत.

कालिंदी, तुला एक विचारते. संप केला पुरुषांनी. मोडला तोही पुरुषांनीच. भावोजी पोलिसांच्या गाडीतून मिलमध्ये गेले ते तुला विचारून गेले का? हे घरी बसले ते मला विचारून बसले का? तुझ्या शिवाचं दूध बंद झालं होतं, माझ्या गुणीचं पण. तुझ्या घरात परत पगार आला, माझ्या घरात आला नाही, एवढाच फरक. मग तुझ्या दारासमोरून जाताना चाळीतल्या बायका पदर सावरून जायला लागल्या, आणि तू दार लावून घ्यायला लागलीस, आणि आपण दोघी बोलायच्या थांबलो. एका भिंतीच्या दोन बाजूंना पाठ लावून किती वर्षं राहिलो आपण? तुझ्या खोलीतला स्टोव्ह पेटला की मला कळायचं. शिवाला गोवर आला ते मला त्याच्या रडण्यावरून कळलं होतं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा, म्हणजे तुझ्याही सासूबाईच, तू भिंतीपलीकडे रडलीस आणि मी अलीकडे. एवढी बारीक भिंत. बाप्टिस्ट म्हणतो हाताने पडेल.

आणि त्याआधी आपण तिच्यावर कालथा वाजवायचो. दोनदा वाजला की चहा झाला, ये. किती सोपं होतं. पोरांना पण कळायचं, आवाज आला की आधी तीच पळायची.

पंधरा एप्रिलला विहीणबाईंना सांगायचंय. त्यांनी त्यांच्या घरी बाळासाठी खोली रंगवायला काढलीय. रंग वाळायच्या आत किल्ली पाठव.

मंजुळा


१७ एप्रिल

कालिंदी,

किल्ली नको.

परवा विहीणबाईंना सांगून टाकलं, ठेवा पोरीला तुमच्याकडे. त्या म्हणाल्या, "तुम्ही रोज येत जा हो." रोज जाईन. हे जाणार नाहीत. गुणी रडली, मला म्हणाली, "आई, पंखा चालेल मला, मी इथेच वाढले ना?" पण बाळ पंख्यावर वाढलेलं नाही, आणि काल दुपारी आपल्या खोलीत मेणबत्ती उभी राहत नव्हती, वाकली होती. मी पोरीला असल्या भट्टीत कुठल्या तोंडाने बोलावू?

खोकं परत घेत नाही एसीवाला दुकानदार. राहू दे. जेवायला बरं आहे.

तू मनात म्हणत असशील, बरी जिरली मंजूची. म्हण.

मंजुळा


३० मे

कालिंदी,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. तू भिंतीपलीकडे बसली आहेस, मला तुझ्या स्टोव्हचा वास येतोय, आणि तरी मला पत्र लिहायला लागतंय. हसावं की डोकं आपटावं?

काल तू म्हणालीस, "तुका कसली किंमत नाय." मला किंमत नाही? तर ऐक, मला काय काय लक्षात आहे.

मी 'किल्ली नको' लिहिलं आणि आठवड्याच्या आत तू दारात. डोक्यावर गाठोडं, हातात खोबरेल तेलाचा डबा. मी काही बोलायच्या आत तुझ्या खोलीचं कुलूप उघडायला गेलीस. ते गंजलं होतं, उघडेना. कुलपाला शिव्या घातल्यास, मला एक शब्द नाही. मग ह्यांनी उठून शिलाई मशीनचं तेल आणून दिलं. हे! त्या दाराकडे ज्यांनी इतकी वर्षं मान वळवली नव्हती! तू डोक्यावर पदर घेतलास, कुलूप उघडलंस आणि पहिलं वाक्य बोललीस ते मी धावत बोलावून आणलेल्या बाप्टिस्टशी: "भोक खंय पाडूचा आसा?"

बाप्टिस्टने ड्रिल लावलं. धूळ उडाली, मग आरपार गेलं, आणि मी इकडून डोळा लावला. पलीकडे तुझा डोळा. मला ओळखू आला नाही आधी, सुरकुत्या आल्यात तुला. तू म्हणालीस, "आधी च्या ठेव." मी ठेवला.

आणि बाहेर मशीन लटकवताना ह्यांनी बाप्टिस्टला काय सांगितलं ते तू आत असल्यामुळे ऐकलं नाहीस. बाप्टिस्ट खिडकीला लागून लावत होता, त्याला सोपं पडत होतं. हे म्हणाले, "खिडकी सोडून बाजूला घे. धोंडू तिथे उभा राहून गणपती बघतो." बघायचा, नाही म्हणाले. बघतो म्हणाले. आणि जेवताना तुला विचारलं, मालवणीत, जी ते माझ्याशी कधी बोलत नाहीत: "धोंडू बरो आसा मां?" तू म्हणालीस, "गुडघे धरतत." एवढंच. पण त्या रात्री हे खोक्याशिवाय, जमिनीवर, सगळ्यांबरोबर बसून जेवले.

मग मी विहीणबाईंना फोन केला आणि म्हटलं, रंग वाळला असेल तर त्या खोलीत पाहुणे ठेवा, माझी पोर माझ्याकडे येतेय.

काय नात आहे गो! तुझ्यासमोर काय वर्णन करू, तू तिला रोज पायांवर उलटीसुलटी करतेस. कपाळ आमच्याकडचं, नखरे विहीणबाईंचे. डॉक्टरने सांगितलं तसं मी मशीन सव्वीसावर ठेवते. वारा बाळाच्या अंगावर यायला नको म्हणून ती झडप वर केली, तो छताला लागून जातो, खाली नुसता गारवा उतरतो. तू आल्याआल्या म्हणत होतीस, "बाळंतिणीक वारो लागतलो." मग तूच पाळण्यात हात धरून बघितलास, वारा कुठे लागत नाही बघून दुपारी पाळण्याखाली आडवी होऊन घोरलीस. मी पाहिलंय. विहीणबाई तिसऱ्या दिवशी बघायला आल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. म्हणाल्या, "आवाज नाही हो अजिबात. आमच्याकडे नळात सारखं काहीतरी खडखडतं." हे तेव्हा गॅलरीत पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

नातीच्या अंगावर एक घामोळं नाही. एक सुद्धा.

आता कालचं. धुरी द्यायलाच हवी, मला मान्य आहे. ओवा, बाळंतशोपा, लोबान, मीच आणून दिलं. गुणीने नाक मुरडलं तर मीच तिला बसवलं. पण तू रोज मशीन चालू ठेवून, दार लावून, खिडकी लावून धुरी दिलीस. दार लावायला मीच सांगितलं होतं, गारवा जातो म्हणून, ते वेगळं. तू म्हणालीस, धूर कोंडला तरच गुण येतो. हे मशीन बाहेरची हवा घेत नाही, खोलीतलीच घेतं आणि फिरवतं. मग तो सगळा धूर, आणि वर तुझं खोबरेल, रोज त्याच्या नाकात. काल ते गार व्हायचं थांबलं आणि गुणीच्या गादीवर टपटप पाणी गळायला लागलं.

बाप्टिस्ट धावत आला. पाणी न पिता वर चढला, झाकणी उघडली आणि स्टुलावरच शिंकला. "आंटी, यात मसाला भाजला काय कोणी?" जाळी काळी कुट्ट. ओव्याचा वास जिन्यापर्यंत. मला इतकी लाज वाटली. आणि तू त्याला म्हणालीस, "माझो धूर सोसणा नाय तर मशीन कसली ती?"

मी म्हटलं, मशीनला डोकं नाही, तुला आहे ना?

तू म्हणालीस, "माका शिकवू नको गो बाय. तुझ्या गुणीक ह्याच धुरीवर उभी केलंय."

मी म्हणाले ते मी इथे लिहीत नाही. ते तुला पाठ झालं असेल. तू गाठोडं उचललंस, तुझ्या खोलीत गेलीस, कडी लावलीस. काल रात्रीपासून वेगळी चूल. आणि मी घाबरले, खरंच घाबरले, की आता ही परत गावाला जाणार आणि आपण मरेपर्यंत पुन्हा तसंच.

पण तू गेल्यावर काय झालं ते ऐक, कारण ते तुला माहीत नाही. बाप्टिस्टने ती जाळी सरकन ओढून काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "साबण लावून धुवा." मी मोरीत बसले. कपडे धुवायची वडी लावली, जुन्या दातांच्या ब्रशने हळूहळू घासली. काळं पाणी गेलं, मग तपकिरी, मग पांढरं. तोवर त्याने आतलं पुसलं, तुंबलेली पाण्याची नळी फुंकली. जाळी खिडकीत तुळशीजवळ वाळवली, परत बसवली. मशीन सुरू. पहिल्यासारखं गार. त्याचा चहा पण निवला नव्हता. मी विचारलं, विहीणबाईंच्या नळात हाच धूर गेला असता तर? म्हणाला, "आंटी, मग अख्खं छत पाडायला लागलं असतं. वर्षभर सगळ्या घरात ओवा."

आणि त्याने एक सांगितलं. धुरी द्या ना, तो म्हणाला, कोण नको म्हणतो? मशीन बंद करा, खिडकी उघडा, धुरी द्या. धूर बाहेर गेला की खिडकी लावा, मशीन चालू करा. तुमची खिडकी आहे ना जागेवर?

आहे. जागेवरच आहे. तीच वाचवायला मी स्प्लिट घेतला होता, आणि माझ्याच लक्षात आलं नाही.

आज सकाळी मी खिडकी उघडून बसले. शेगडीत निखारे घेतले. ओवा टाकला. पण बाळंतिणीच्या डोक्यावरून चादर कशी धरायची, धूर डोळ्यात जाणार नाही अशी, ते मला येत नाही, कधीच आलं नाही. गुणी खोकून खोकून लाल. मग बाळाला तेल लावायला घेतलं. मला अजूनही तिला उलटी घालायची भीती वाटते. ती माझ्या हातात अंग आखडून घेते, तुझ्या पायांवर पाणी होते. आत्ता रडतेय. तुला ऐकू येतच असेल. ती भिंत किती बारीक आहे ते मी तुला लिहिलंच होतं.

हे दारात उभे आहेत, मला म्हणतात, "पत्र कसलं लिहितेस, जा ना." मी म्हणाले, मोठी मी आहे, मी का जाऊ? ते म्हणाले, "आमचं पण असंच झालं होतं." आणि गॅलरीत गेले.

तर मी काय म्हणते, कालिंदी. खिडकी उघडी ठेवते. मशीन बंद ठेवते. तू तुझी धुरी दे, कोंडलेली नाही, थोडी मोकळी, पण तुझ्या हातची. तुझं झालं की मी मशीन लावीन, आणि तू पाळण्याखाली झोप. भावोजींना पण बोलाव. गुडघ्यांना गारवा चालत नसेल तर त्यांना खिडकीशी बसवू. गणपती अजून लांब आहेत, पण आत्ता आले तर जागा मिळेल.

पत्र संपलं. आता आशीर्वादाचं ठरवायचं राहिलं. वाकून नमस्कार केलास तर

थांब.

कालथा वाजला. दोनदा.

आले, आले. तूही ना. बाळाला घेऊनच येते.